चोर्ल्याचा चढ

मंडळाच्या मागच्या मिटिंगमध्ये वक्तृत्व स्पर्धेची तारीख ठरत होती. रविवार ठरला, वेळ सकाळी दहा. मी हात वर करून म्हटलं, "दुपारी चारनंतर ठेवूया की." मॅडमनी कारण विचारलं. मला चटकन सांगता आलं नाही. "असंच," म्हटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "याला उठायला होत नसेल," आणि सगळे हसले. त्याच मिटिंगमध्ये मॅडमनी अंकासाठी माझ्याकडून प्रवासाचा लेख मागितला. तर लेखही देतो आणि कारणही सांगतो. दोन्ही एकच आहेत.

माझे बाबा गोव्यात एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहेत. अकरा वर्षं झाली. साखळीत एका खोलीत आपल्या भागातल्याच आणखी दोघांबरोबर राहतात आणि शनिवारी मोटरसायकलनं चोर्ला घाटातून बेळगावला येतात. बेळगावात अशी घरं किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या गल्लीतच चार आहेत. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. सेकंड असली की रात्री अकराला सुटतात, दोन-अडीचला घरी पोचतात, आणि रविवारी दुपारपर्यंत झोपतात. सोमवारी पहाटे पुन्हा गाडीला किक.

गेल्या वर्षी याच स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. रविवारच होता. बाबा घरी होते. आईनं दोनदा हाका मारल्या, त्यांनी कूस बदलली. बक्षीस घ्यायला स्टेजवर गेलो तेव्हा समोर बाकीच्यांचे आई-वडील मोबाइलवर फोटो काढत होते. घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "तुम्ही घरी फक्त झोपायला येता. हे घर आहे का लॉज?" ते जेवत होते. काही बोलले नाहीत. भाकरीचा उरलेला तुकडा संपवला, ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. त्यानंतर आमच्यात जेवढ्यास तेवढं बोलणं राहिलं. "फी भरलीस?" "भरली." इतकंच.

जूनमध्ये त्यांनी पैसे पाठवले आणि मी सेकंडहँड गिअरची सायकल घेतली. तेव्हाही माझ्या मनात आलं होतं, पैसे पाठवतात, स्वतः येत नाहीत.

डिसेंबरमध्ये परीक्षा संपली. कॅम्पातल्या दुकानांवर नाताळचे तारे लागले होते. दोघा मित्रांनी कणकुंबीपर्यंत सायकलनं जाऊन यायचं ठरवलं. मी म्हटलं, मी पुढे घाट उतरून साखळीला जातो. त्या शनिवारी बाबा घरी येणार नव्हते, रविवारी ओव्हरटाइम होता. आई खूश झाली, तिला वाटलं लेक बापाला भेटायला निघाला. खरं कारण तसं नव्हतं. मला बाबांना दाखवायचं होतं की बघा, या रस्त्याचं तुम्ही एवढं कौतुक करून घेता, मी तो पायानं मारून आलो.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. पिरनवाडी सोडल्यावर थंडी बोटांना झोंबायला लागली. कुसमळीच्या पुलावरून मलप्रभा ओलांडली, जांबोटीत चहा घेतला. जांबोटीच्या पुढे जंगल दाट होतं. रस्ता सारखा वर-खाली करतो. प्रत्येक उतारावर मजा वाटते, आणि प्रत्येक उताराचा हिशेब पुढच्या चढावर द्यावा लागतो. साडेदहाला कणकुंबी आली. माउलीच्या देवळाजवळ सायकली लावल्या. सकाळी ओलांडलेली मलप्रभा इथंच उगम पावते. मित्रांनी पोटभर भजी खाल्ली आणि ते परत फिरले. मी एकटा पुढे निघालो.

घाट उतरणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्यानं एकदा सायकलनं उतरून बघावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. साखळी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. ही सगळी उंची केरीपर्यंतच्या पंधरा-सोळा किलोमीटरांत उतरायची. मी ब्रेक धरूनच उतरलो. दर वळणाला मागून गाडी आली की आणखी घट्ट. खाली पोचलो तेव्हा रिम हात लावू देत नव्हती आणि माझी बोटं सरळ होत नव्हती. मान आखडली होती. गुडघ्याच्या वाटीखाली सुई टोचल्यासारखं दुखत होतं. आणि सीटवर बसायची जागा, तिच्याबद्दल काय सांगू? मी साधी ट्रॅकपँट घातली होती. तिची शिवण नेमकी नको तिथं होती.

केरीत एका हॉटेलात बसलो. बसलो म्हणजे बाकड्याच्या कडेला टेकलो. पातळभाजी आणि पाव मागवला. मालकानं सायकलीकडे बघून विचारलं, "खंय वचपाचें?" म्हटलं, बेळगावहून आलो, उद्या परत. तो म्हणाला, "बेळगांवां? सायकलार? पिशें लागलां काय तुका?" आणि एक पाव जास्तीचा आणून ठेवला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

तीननंतर बाबांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "थांब तिथंच. येतो."

अर्ध्या तासानं आले. अंगात कारखान्याचा शर्ट, खिशाला ग्रीसचा डाग. मला वाटलं, ओरडतील. ते सायकलीभोवती एक फेरी मारून आले, पुढचं चाक उचलून फिरवून बघितलं, आणि म्हणाले, "चल, मी पुढे हळू जातो." साखळीपर्यंत ते मोटरसायकल पंधरा-वीसच्या वेगात चालवत पुढे होते. प्रत्येक खड्ड्याला डावा हात खाली करून मला दाखवत होते.

त्यांची खोली मी पहिल्यांदाच बघितली. दहा बाय बाराची असेल. तीन चटया, एक शेगडी, भिंतीला दोरी, दोरीवर तिघांचे कपडे. दाराच्या मागे आमच्या घरचं कॅलेंडर, आईनं दिलेलं. त्यावर रविवारांना पेनानं गोल केले होते. काही गोलांवर फुली होती. त्या आठवड्याच्या रविवारीही फुली होती.

मी वाकडा बसलोय हे त्यांनी बघितलंच. पाणी तापवलं, बादलीत मूठभर मीठ टाकलं, म्हणाले, "पाय सोड यात." स्वतः बाहेर सायकलीजवळ गेले. थोड्या वेळानं आवाज आला, "ये इकडं. बस सीटवर." मी भिंत धरून बसलो. "टाच पायडलवर ठेव. पायडल खाली ने." माझा गुडघा वाकलेलाच राहत होता. ते म्हणाले, "बघ. सीट दोन इंच खाली आहे. टाच ठेवल्यावर पाय सरळ व्हायला पाहिजे. मग चवड्यानं मारताना गुडघा थोडासाच वाकतो. तू सगळा जोर गुडघ्यावर काढत आलायस." पान्यानं नट सैल केला, सीट वर घेतली, मला परत बसवलं, पुन्हा थोडी वर. मग सीटचं नाक समोरून वर आलेलं होतं ते सपाट केलं. "आता शिवण कमी लागेल," म्हणाले. शिवणीबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

रात्री जेवणानंतर दिवा घालवला. बाकीचे दोघे घोरायला लागले. मला झोप येईना, कुठल्याच कुशीवर होता येत नव्हतं. बाबा अंधारात म्हणाले, "उद्या भाजीचा टेम्पो बघू काय? सकाळी भाजी उतरवून रिकामे परत जातात. ओळखीचे आहेत."

"नको. चढतो मी."

"बरं." मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "अर्ध्यावर एक वळण आहे. खाली अंजुणे धरण दिसतं तिथं. डोंगराच्या बाजूला दगडातून पाणी झिरपतं. तिथं थांब. मी तिथं थांबतो."

"कशाला?"

"झोप येते."

एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही. ते झोपले.

पहाटे उठलो तर जिना उतरता येईना. मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. एक एक पायरी कठडा धरून, आडवा होऊन उतरलो. बाबांनी बाटलीत मीठ-साखरेचं पाणी भरलं होतं. दोन केळी आणि लिमलेटच्या गोळ्यांची पुडी दिली. म्हणाले, "भूक लागायच्या आधी खा. लागल्यावर खाऊन उपयोग नाही. आणि थांबलास म्हणून कमीपणा वाटून घेऊ नको. थांबायचं. पण बसायचं नाही. बसलास की उठवत नाही." मग ते ओव्हरटाइमला गेले आणि मी घाटाकडे वळलो.

केरीच्या पुढे चढ सुरू होतो. शंभर मीटर पुढे गेलं की चार-पाच मीटर वर, असा सरासरी हिशेब. ऐकायला थोडं वाटतं, पण तो चढ संपत नाही. पहिल्या दहा मिनिटांत मी सगळ्यात हलक्या गिअरवर आलो, आणि त्याच्या खाली गिअर नव्हता. वेग चालणाऱ्या माणसापेक्षा जरासा जास्त. एक गोष्ट मात्र लगेच कळली. गुडघा दुखत नव्हता. मांड्या दुखत होत्या, कंबर, मनगटं, बसायची जागा, सगळं दुखत होतं, पण गुडघ्यातली सुई गेली होती. दोन इंचांनी.

मी युक्त्या केल्या. पुढच्या झाडापर्यंत. मग त्या पांढऱ्या दगडापर्यंत. मग पायडल मोजले, शंभर झाले की एक लिमलेट. पुण्याच्या नंबरची एक कार शेजारून गेली, खिडकीतून एक मुलगी "कम ऑन, कम ऑन" ओरडली. तिचा हेतू चांगलाच होता, पण मला त्या वेळी तिचा राग आला. चढावर माणसाला उगीचच कुणाचाही राग येतो. मित्रांचा आला, ते काल घरी जाऊन झोपले असतील. सायकल विकणाऱ्याचा आला. सीट खाली असताना पाच महिने मला काही कळलं नाही, म्हणून माझाही आला. एका वळणावर कठड्यावर बसलेल्या माकडांनी माझ्याकडे बघून मान फिरवली. त्यांचासुद्धा आला.

साधारण सहा किलोमीटर झाले असतील. उजव्या पोटरीत गोळा आला. पोटरीतला गोळा ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. पाय पायडलवरून निघेना. सायकल आडवी व्हायच्या आत कसाबसा उतरलो, आणि बाबांनी नको म्हटलेलं तेच केलं. कठड्यावर बसलो.

पाच मिनिटांची वीस झाली. घाम वाळला आणि थंडी वाजायला लागली. केळी पोत्यात होती, पण मला भूक नव्हती, म्हणून खाल्ली नव्हती. आता खाल्ली, तर ती उतरेना. हे नंतर आमच्या सरांनी समजावलं. स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो. दीड-दोन तास जोर केला की तो उतरत जातो. संपला की हातपाय तर गळतातच, मनही गळतं. त्या वेळी मला एवढंच माहीत होतं की मला रडू येत होतं आणि त्याला काही कारण नव्हतं.

एक टेम्पो वर येत होता. मागे रिकामे क्रेट खडखडत होते. ड्रायव्हरनं वेग कमी केला, खिडकीतून डोकं काढलं. "काय गा, बेळगाव काय? टाकूया की मागं."

मी तोंड उघडलं होतं "हो" म्हणायला. पण उठून सायकल उचलायची होती ना मागे टाकायला? तेवढीही ताकद वाटेना. म्हटलं, "नको ओ मामा, येतो हळूहळू." त्यांना वाटलं पोरगा जिद्दीचा आहे. "भले!" म्हणाले आणि गेले. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याला त्यांनी जिद्द म्हटलं तो आळस होता.

उठलो. सायकल ढकलत चालायला लागलो. चालताना गोळा हळूहळू सुटला. अर्धा किलोमीटर चाललो असेन, वळण घेतलं आणि डाव्या हाताला झाडीच्या मधून खाली धरणाचं पाणी दिसलं. लांब, निळसर, सकाळच्या धुक्याचा एक पट्टा अजून त्यावर होता. दुसऱ्या बाजूला काळा ओला दगड. त्यातून पाणी झिरपत होतं. डिसेंबर असल्यानं धार नव्हती, करंगळीएवढी ओल वाहत होती. खाली कुणीतरी एक पानाचा द्रोण खोचला होता, त्यातून थेंब थेंब पडत होते. तो बाबांनीच खोचला असेल असं मी म्हणत नाही. कुणीही खोचला असेल. त्या रस्त्यानं झोप येणारे बरेच जण जात असतील.

मी ओंजळ धरली. भरायला वेळ लागला. तोंडावर मारलं. पाणी इतकं गार होतं की डोळे खाडकन उघडले.

आणि मग मला ते दिसलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते, ऊन पडलं होतं, गाड्या जात होत्या. बाबा इथं रात्री बारा वाजता उभे राहतात. आठ तास मशिनी उघडून-बंद करून. पुढे अजून दोन तासांचा रस्ता. पावसाळ्यात इथं धुकं असतं, हेडलाइट दहा फुटांच्या पुढे जात नाही. थांबायचं, बसायचं नाही. बसलास की उठवत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, इथं उभं राहून कळलेलं होतं. आठवड्याला दोन खेपा, अकरा वर्षं. सुट्ट्या, फुल्या मारलेले रविवार वजा केले तरी हजाराच्या आसपास होतात. मी एक खेप करत होतो, तीही दिवसा, आणि कठड्यावर बसून रडायला आलो होतो.

आणि मी विचारलं होतं, हे घर आहे का लॉज.

तिथं फार वेळ थांबलो नाही. थांबून काय करणार? पुन्हा सायकलवर बसलो. पुढचा चढ काही कमी झाला नाही. असं काही कळलं की पाय हलके होतात असं लोक लिहितात, माझे झाले नाहीत. उलट जास्त दुखायला लागले. दोनदा आणखी उतरून चाललो. पण राग मात्र गेला होता. राग नसला की चढ नुसता चढ असतो.

साडेअकराच्या सुमाराला माथ्यावर आलो. इथं गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिघांच्या हद्दी जवळजवळ येतात. आपल्याकडे हद्दीवरून किती बोललं जातं, पण तिथं उभं राहिलं तर कुठलं झाड कुणाचं ते ओळखू येत नाही. पाण्याची हद्द मात्र खरी आहे. पश्चिमेला पडलेला थेंब म्हादईच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जातो. थोडं पूर्वेला कणकुंबीत पडलेला मलप्रभेतून कूडलसंगमला कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागराला. एकाच डोंगरावरचं पाणी, आणि एवढं लांब जातं. बाबा दर आठवड्याला ही हद्द दोनदा ओलांडतात.

कणकुंबीत मिरची भजीच्या दोन प्लेटा खाल्ल्या. उभ्यानं. मग जांबोटीपर्यंत कसा आलो ते मला नीट आठवत नाही. जांबोटीत सकाळचाच टेम्पो चहाच्या टपरीसमोर उभा होता. ड्रायव्हरमामांचं वाटेत कुठंतरी टायर पंक्चर झालं होतं. मला बघून म्हणाले, "आला की गा वर!" आणि काही न विचारता सायकल उचलून क्रेटवर ठेवली. मी नको म्हटलं नाही. म्हणजे घाट मी चढलो, पण बेळगावपर्यंत सायकलनं आलो असं म्हणता येणार नाही. मित्रांनी हे वाचून हसायला हरकत नाही. टेम्पोत बसल्याबरोबर मला झोप लागली. मामांनी पिरनवाडीत हलवून उठवलं.

घरी आलो, आंघोळ न करता चटईवर आडवा झालो. संध्याकाळी मावशी आणि तिची मुलं आली होती म्हणे. आईनं दोनदा हाका मारल्या. मी कूस बदलली. सकाळी आई म्हणाली, "अगदी बापासारखा पडला होतास." ती सहज म्हणाली.

पुढच्या शनिवारी बाबांची सेकंड शिफ्ट होती. रात्री अडीचला गाडीचा आवाज आला. मी जागा होतो. उठून गेट उघडलं. एरवी ते स्वतः उतरून उघडतात. "जागा आहेस?" म्हणाले. "पाणी तापवलंय," म्हटलं. बादलीत मीठ टाकलं होतं. त्यांनी बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बूट काढायला बसले. मला माफी मागायची होती, वाक्य तयार केलं होतं. स्टेजवर आठ मिनिटं न अडखळता बोलणारा मी, ते एक वाक्य काही निघालं नाही. पाय पाण्यात सोडून त्यांनीच विचारलं, "सीट कशी आहे? ठीक काय?"

"ठीक आहे. अजून जराशी वर पाहिजे होती वाटतं."

"सकाळी बघू. म्हणजे, उठल्यावर."

उठल्यावर म्हणजे दुपारी दोनला. सकाळी मी टीव्हीचा आवाज बंद केला, गल्लीतल्या पोरांना क्रिकेट दुसऱ्या टोकाला खेळायला सांगितलं. दोनला ते उठले, जेवले, आणि आम्ही अंगणात सीट अर्धा इंच वर घेतली. या वेळी पाना माझ्या हातात होता.

तर कारण हे असं आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाबांची सेकंड शिफ्ट आहे, मी कॅलेंडर बघितलंय. चारनंतर ठेवली तर त्यांची झोप पूर्ण होईल. नंबर येईल का नाही माहीत नाही. मॅडम "बघू" म्हणाल्या आहेत. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.